पल्याडच्या माणसाचा दिवा

अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचा रस्ता मालनबाईंना पाठ होता. उस्मानपुऱ्यातून निघून पैठणची बस धरायची, पुढं रिक्षानं नाथसागराच्या काठी उतरायचं आणि लक्ष्मण नावाड्याच्या होडीत बसायचं. जुनं भानवाडी धरणात गेलं, नवं पलीकडच्या माळावर वसलं. जुन्या घाटावरचा दिव्याचा बुरूज मात्र उन्हाळ्यात पाणी हटलं की पुन्हा डोकं वर काढायचा. बघायचा तर तेव्हाच. एरवी त्याच्यावरून मासे फिरत.

तो कुणी बांधला, ते धड कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी निजामाच्या अमदानीतला म्हणे, कुणी त्याच्याही आधीचा. अंधारात नावांना घाट सापडावा, एवढंच त्याचं काम. ज्या घरचं माणूस पल्याड असेल त्या घरानं कोनाड्यात दिवा लावायचा, आणि आलेल्या माणसानं तो आपल्या हातानं शांत करायचा, असा रिवाज. पूल झाले, लक्ष्मणाची सोडून बाकी नावा गेल्या, तरी मालनबाईंचे थोरले भाऊ आप्पासाहेब दर अखितीला चिखल तुडवत जाऊन बहिणीसाठी दिवा लावत. तो दिसेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हे मालनबाईंचं व्रत.

माघात आप्पासाहेब गेले. वहिनी आधीच गेली होती, मुलं पुण्याला.

यंदाच्या अखितीला दिवेलागणीच्या वेळी होडी अर्ध्यावर आली. बुरूज काळा होता.

"आई, दोन घोट घ्या," सून प्रेरणा बाटली पुढं करत म्हणाली. "मामा असते तर रागवून पाजलं असतं."

"तो असता तर दिवा असता, बाई."

"आत्या, मी लावतो की," लक्ष्मण म्हणाला. "मी बी भानवाडीचाच."

"तुझं कोण हाय रे पल्याड?"

"सासुरवाडी हाय. पण तिकडून कुणी येऊ नये असंच वाटतं."

मालनबाई हसल्या. ओठ सुकून पांढरे पडले होते. "घरातलंच माणूस लागतं, बाबा."

"त्या घरातलं आता कोण राहिलंय?"

त्यांनी मांडीवरची पिशवी चाचपली. मग म्हणाल्या, "मी हाये ना. बुरुजाला लाव होडी."

प्रेरणाचा हात धरून त्या चिखलातून गेल्या. पिशवीत देवापुढचं तेल-वात होतंच. कोनाडा पदरानं पुसला, आप्पाच्या काजळीवरून बोट फिरवलं, वात लावली.

"आता तरी पाणी घ्या."

"इथून नाय दिसत तो. लांबून दिसायला पाहिजे." त्या परत होडीत बसल्या. "लक्ष्मणा, मागं घे. मघा होतो तिथवर."

पाण्याच्या मध्यावर होडी वळली. बुरुजात ठिपका होता. मालनबाईंनी हात जोडले, बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि सावकाश प्याल्या.

"चला, निघू?" लक्ष्मणानं वल्हं उचललं.

"थांब रे थोडं," त्या म्हणाल्या. "पोचले की विझवावा लागंल."