पायाळूची कंबर

पायाळू माणसानं लाथ मारली की कंबरेतली उसण जाती, असं आमच्या उमापुरात समदे मानतात. आन् मी पायाळू. आईच्या पोटातून डोक्याआधी पायानं आलेली. लग्न होऊन आले तवापासून दर ऐतवारी अंगणात माणसं पालथी पडतात. गावावर डोळे वटारणारा निजाम सरकारचा शिपाईबी मुकाट पडतो. लाथ उजव्याच पायाची लागती, म्हणून मी डाव्या पायावर उभी ऱ्हाते. पैल्यांदा पैल्यांदा मला लई हसू यायचं.

आता मेलं रडू येतं. पोरगी झाली तवापासून डाव्या कुल्ल्याच्या वर, एका बोटानं दाखवता यील अशी एकच जागा ठणकती. कूस बदलली की कळ, जात्यावरून उठले की कळ, आन् डाव्या पायावर उभी ऱ्हायले की डोळ्यांपुढं काजवे. सासूबाई बायनाबाई म्हणाल्या, वाच्यता करू नको, पायाळूचीच कंबर धरली म्हणल्यावर लोक हसतील. दारी आलेल्याला न्हाई म्हणायची बी सोय न्हाई. नुसती कोंडून गेले मी.

माझी सुटका केलेली सुईण गौसिया रोज मालिशला यायची. तिनं अंगठा नेमका त्याच जागी टेकवला आन् माझा जीव कळवळला. ती म्हणाली, ही उसण न्हाई. पाठीचा कणा कुल्ल्याच्या हाडाला जुळतो, तो सांधा बाळंतपणात ढिला पडलाय. फडकं कसून बांध आन् चार महिने एका पायावर उभी ऱ्हाऊ नको. मग तिनं पाळण्याकडं बघितलं. पोरगीबी पायानंच आलती. ते आमा दोघींनाच ठाऊक, कारण सासूबाई तवा कपिलधारच्या जत्रेला गेलत्या.

ऐतवारी अंगण भरलं. सासूबाई बोलवायला आत आल्या, तवा मी गौसियाचं म्हणणं सांगून टाकलं. वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण त्या जवळ बसल्या आन् पैल्यांदाच माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"पोरगी पायाळू असती तर तू सुटली असतीस, भिवरे. तान्ह्या लेकराचा पाय लावला तरी भागतं," त्या म्हणाल्या. "कशी आली गं ती?"

पोरीच्या अंगाला तेल लावणारी गौसिया थांबली. एका शब्दाचं काम होतं. तेलानं चमकणारे ते पाय, माझ्या अंगठ्याएवढे. बाहेर शिपाई खाकरला. ह्याच्या कंबरेला हे पाय लावायचे? मला असा संताप आला!

"डोक्यानं," मी म्हणाले.

"डोक्यानंच," गौसिया म्हणाली, आन् पोरीचे पाय फडक्यात गुंडाळले.

मी कंबर कसून बांधली, भिंतीला धरून उठले आन् अंगणात जाऊन डावा पाय रोवला.