शामूच्या साक्षीतलं एक वाक्य

शामूची साक्ष ऐकायला माणसं लांबून यायची आणि हे शामूला पुरतं ठाऊक होतं. खरी अडचण तिथंच होती.

साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. ख्रिस्ती मंडळीत भक्तीच्या वेळी एखादा उठतो, आपण आधी कोण होतो, कुठं पडलो होतो आणि प्रभूनं कसं उठवलं ते चारचौघांत सांगतो, ती साक्ष. कुणी दोन वाक्यांत उरकतो, कुणाला रडू आवरत नाही. शामूचा मात्र हात बसला होता. कुठं थांबायचं, आवाज कुठं खाली आणायचा, गटारात त्याचं तोंड चाटणाऱ्या कुत्र्याची गोष्ट सांगून बायकांना कधी हसवायचं, सगळं ठरलेलं. बेळगुंदी झालं, कडोली झालं, खानापूरला तर दोनदा बोलावणं आलं.

आता हे सगळं खोटं होतं का? मुळीच नाही. खानापुरात लाकडाच्या मिलमध्ये तो कामाला होता आणि संध्याकाळी गुत्त्यात असायचा. पुढे सकाळीही असायचा. बायको बेळगावच्या दवाखान्यात वारली तेव्हा हा गुत्त्यातच होता. लेक प्रियदर्शनी पंधरा वर्षांची होती. तिला तिची मावशी मालुबाई निपाणीला घेऊन गेली. त्यानंतर दोन वर्षं शामूला कुणी माणसात धरलं नाही. 'ए शाम्या, उठ इथनं' एवढंच त्याच्याशी बोलणं. एका रविवारी बेळगावात चर्चच्या आवारात तो पडला होता, तेव्हा तिथल्या पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, म्हाताऱ्या आईनं त्याला व्हरांड्यात खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "नाव काय बाळ तुझं?" त्याला आधी आठवेना. मग आजोबांनी बाप्तिस्म्याला ठेवलेलं नाव तोंडातून आलं, शमुवेल. "ह्या नावानं देव तुला ओळखतो बरं का," म्हातारी म्हणाली. शामू त्या खुर्चीत लहान पोरासारखा रडला. दारू एका दिवसात सुटली नाही, पण त्या दिवसापासून सुटायला लागली. आता सात वर्षं झाली. चर्च झाडणं, बाकं पुसणं, घंटा वाजवणं हे काम त्याच्याकडे होतं आणि तो ते मान खाली घालून, मनापासून करत होता.

खोटं होतं ते एकच वाक्य.

बेळगुंदीला साक्ष संपल्यावर एका बाईनं विचारलं होतं, "आणि पोरगी? ती बोलत्या का आता तुमच्यासंगट?" सगळी माणसं बघत होती. शामू म्हणून गेला, "व्हय, माझ्या लेकीनं मला माफ केलंया." सभेतून असा हालेलुया उठला की पत्रे हादरावेत. पुढच्या गावी ते वाक्य आपसूक आलं, त्याच्या पुढच्या गावी त्याची जागा ठरून गेली, आणि वर्षभरात साक्षीचा शेवट त्याच्यावरच व्हायला लागला. लेकीनं नऊ वर्षांत त्याला मालुबाईच्या दारात उभं केलं नव्हतं. पाठवलेल्या निरोपाला उत्तर दिलं नव्हतं. पण सांगून सांगून शामूला कधी कधी वाटायचं, झालं असेल माफ, आपल्याला कळवायचं राहिलं असेल.

निपाणीहून बोलावणं आलं तेव्हा त्याला आधी लेक आठवली, मग ते वाक्य. कापणीच्या सणाची उपकारस्तुती, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानायची भक्ती होती. तिथल्या तरुण पाळकांनी त्याला खानापुरात ऐकलं होतं. नाही म्हणता आलं असतं. पण शामूला लेकीनं एकदा आपल्याला बघावं असं फार वाटत होतं. इस्त्रीच्या शर्टात, हातात पवित्र शास्त्र घेऊन, लोक मान देतायत असं. तेवढं एकदा तिनं बघितलं की काहीतरी होईल, अशी त्याची वेडी आशा. ते वाक्य आज गाळायचं, हे त्यानं एसटीत बसल्यावरच ठरवून टाकलं. खोटं कबूल करायचं नाही, नुसतं गाळायचं. माणूस स्वतःला किती सवलत देतो बघा.

मंडळीचा हॉल लहान, वर पत्रा. पुढं टेबलावर भाताच्या लोंब्या, भोपळे, शेंगा, कुणीतरी आणलेली उसाची मोळी. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला. बायांच्या शेवटच्या रांगेत मालुबाई बसली होती. विड्या वळून वळून तिची बोटं वाकडी झाली होती. आणि तिच्या शेजारी प्रियदर्शनी. चोवीस वर्षांची, अंगानं आईसारखी, कपाळ शामूचं. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि नजर हलवली नाही. नजर शामूनंच हलवली.

साक्ष चांगली झाली. कुत्र्याला माणसं हसली, खुर्चीला डोळे पुसले. शामूनं ठरल्याप्रमाणे ते वाक्य गाळलं आणि "प्रभूचं नाव धन्यवादित असो" म्हणून खाली बसायला निघाला. तेवढ्यात पाळक उठले. मोठा उत्साही माणूस, मन निर्मळ, आणि अशा माणसांकडूनच मोठा घोटाळा होतो.

"शमुवेलभाऊ सगळ्यात मोठी गोष्ट सांगायची विसरले!" ते हसत म्हणाले. "खानापुरात मी माझ्या कानांनी ऐकलंय, लेकीच्या नावासकट. ज्या लेकीनं आपल्या बापाला माफ केलं ती लेक आपल्याच मंडळीत आहे, आणि आपल्याला पत्ता नाही! प्रियदर्शनी, पुढं ये बाळ. वडिलांच्या शेजारी उभी राहा. दोन शब्द बोल, प्रभूला गौरव दे."

टाळ्या झाल्या. शेजारच्या बायांनी तिला हातानं उठवलं. ती पुढं आली. ओढून आणल्यासारखी नव्हे, ताठ चालत आली आणि शामूपासून हातभर अंतरावर उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. शामूला कळलं की आता ही दोनच गोष्टी करू शकते. एवढ्या माणसांसमोर बापाला खोटं पाडायचं, नाहीतर कधी न दिलेली माफी इथं उभ्या उभ्या द्यायची. आणि ती दुसरं करेल. बाया कौतुकानं बघतायत, पाळक हात जोडून उभे आहेत, ती मान डोलावेल आणि घरी जाऊन कायमची मिटेल. तिच्या गळ्यात हा फास आपण अडकवला. शामूला त्या क्षणी स्वतःची अशी किळस आली की गटारातसुद्धा आली नव्हती.

प्रियदर्शनीनं तोंड उघडलं.

"थांब बाळ," शामू म्हणाला. "तू बोलू नगंस. मी बोलतो."

तो मंडळीकडे वळला.

"हिनं मला माफ केल्यालं न्हाय. मी गावोगाव खोटं सांगत हिंडलो. हिला त्येचा पत्ता बी नव्हता." त्याचा आवाज फाटला, पण आता आवाज खाली-वर करायचं भान कुणाला होतं? "आनि माझी साक्ष बी अर्धीच हाय. हिची आई दवाखान्यात होती. सकाळी निरोप आला, शेवटचं हाय, पोरीला बगायचं म्हनतीया. हिनं कापडाची पिशवी भरली. तेवढ्यात माझी बाटली हिनं मोरीत वतल्याली मला दिसली. मी हिला घरात कोंडली. भायेरनं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आनि गुत्त्यात गेलो. घर शेताकडंला, सगळी मानसं लावणीला गेलेली. ही वरडत हुती ते मी वाटंनं ऐकत गेलो. दिवस बुडताना आलो. हिची आई दुपारीच गेलती. दाराकडं बगत ऱ्हायली म्हनं."

कुणी हालेलुया म्हटलं नाही. पुरुषांच्या बाजूनं एक जण हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मग असल्याला बोलवायचं कशाला?" शामूला ते रास्त वाटलं. आता बेळगावात हे कळणार, घंटा दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार, पुन्हा 'ए शाम्या' होणार, हे सगळं त्याला दिसत होतं. आणि तरी सात वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं, आत्ता देव ऐकतोय तो आपल्यालाच ऐकतोय, साक्ष सांगणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाला नव्हे.

पाळक भांबावले. काय करावं सुचत नाही तेव्हा पाळक जे करतात तेच त्यांनी केलं. "आपण उभे राहून प्रभूची प्रार्थना म्हणू या," ते म्हणाले.

सगळे उठले. प्रियदर्शनी जागेवर परत गेली नाही, तिथंच डोळे मिटून उभी राहिली. दर रविवारची तोंडपाठ प्रार्थना सुरू झाली. तिचा आवाज शामूला स्पष्ट ऐकू येत होता, अगदी आईचा आवाज. आम्ही इतरांना माफ केलं तसं तू आम्हाला माफ कर, असं जिथं मागायचं असतं त्या ओळीवर सगळी मंडळी आली आणि शेजारचा आवाज थांबला. ओठ मिटलेले. ओळ संपली तशी तिनं पुढची ओळ उचलली आणि आमेनपर्यंत म्हटली. अडखळली नाही, सवयीचं असल्यासारखं. पुढचं शामूला म्हणता आलं नाही.

सभा सुटली. एरवी हात मिळवायला रांग लागायची, आज लोक बाजूनं निघून गेले. शामू पायरीवर बसून चपला घालत होता, पट्टा सापडत नव्हता. मालुबाई त्याच्याकडे न बघता पुढं गेली. प्रियदर्शनी थांबली.

"माझं नाव घिऊन परत कुठं बोलू नका," ती म्हणाली.

"न्हाय बोलत."

"कोन इचारलं तर?"

"खरं सांगीन. माफ केल्यालं न्हाय म्हनून सांगीन."

ती निघाली नाही. शामूला वर बघायचं धाडस होईना. शेवटी तोच म्हणाला, "ती वळ तू म्हनली न्हाईस. नगं म्हनूस, बाळ. माज्यासाठी तर अजिबात नगं. देव तुला काय म्हनायचा न्हाय."

"तुमच्यासाठी कोन म्हनतंय?" ती फाडकन म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "नऊ वर्सं झाली. एक रविवार मी चर्च चुकवल्याला न्हाय. दर रविवारी त्या वळीपतूर येते आनि थांबते. तोंडातनं निघत न्हाय." तिनं पदरानं डोळे रगडून पुसले, राग आल्यासारखे. "पर येते. तेवढं ठावं असू द्या तुमास्नी. दर रविवारी तिथपतूर येते मी."