सतरा नंबरची बाटली

आमच्या कारखान्यात माणसाचं तोंड हे अवजार आहे. धोट्यातली कांडी संपली की कारागीर नवी कांडी बसवतो, धोट्याच्या टोकाचं भोक ओठांना लावतो आणि हवा आत ओढतो. तार, म्हणजे धागा, सुर्रकन बाहेर येते आणि माग पुन्हा चालू होतो. मागाला इथे साचा म्हणतात. एकेका कारागिराकडे आठ साचे असतात, म्हणजे दिवसभरात शे-दोनशे वेळा तो धोट्याचा मुका घेतो. घरी बायकोला एवढे मिळत नाहीत, हा आमच्याकडचा जुना विनोद. मी तो बारा वर्षं ऐकतोय आणि अजून एकदाही हसलेलो नाही.

मी गजेंद्र, सुरतेतल्या बमरोलीच्या या कारखान्यात मास्तर. बिघडलेले साचे दुरुस्त करणं हे माझं काम, आणि बिघडलेली माणसं समजावणं हेही माझंच, कारण शेठला आमची भाषा येत नाही आणि आमच्या माणसांना शेठचा राग समजत नाही.

सत्त्याण्णव साली गायत्रीताई आल्या. दातांच्या डॉक्टर, पुढचं शिकत होत्या. वडील पारोळ्याकडचे, जन्म सुरतेतला, त्यामुळे मराठी बोलताना मधेच ‘म्हणजे’च्या जागी ‘एटले’ म्हणायच्या. दातांवर जी चिकट घाण साचते आणि पुढे तिचाच दगड होतो, ती साचूच नये म्हणून गुळण्या करायचं एक औषध निघालं होतं. ते चालतं की नाही हे त्यांना तपासायचं होतं. तार ओढणाऱ्यांचे पुढचे दात त्यांना हवे होते. आमच्याकडे ते चोवीस माणसांच्या तोंडात मिळाले.

प्रत्येकाला नंबर घातलेली बाटली मिळाली. आतलं पाणी हिरवं, पेपरमिंटच्या वासाचं. ताईंनी सगळ्यांना उभं करून स्पष्ट सांगितलं, मी स्वतः त्याचं अहिराणी करून सांगितलं: निम्म्या बाटल्यांत औषध आहे, निम्म्यांत नुसतं रंगाचं पाणी. कोणाच्या बाटलीत काय, ते मलाही ठाऊक नाही. प्रत्येक नंबराची चिठ्ठी बंद पाकिटात आहे. काम संपेपर्यंत पाकीट उघडायचं नाही.

चोवीस जणांनी माना डोलावल्या. आणि पाणी दुसऱ्याच्या बाटलीत आहे, असं चोवीसच्या चोवीस जणांनी मनात ठरवून टाकलं.

सुपडू आप्पा यायला तयार नव्हते. कारखान्यात सगळ्यात जुने, बावीस वर्षं. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न घालणारा माणूस. पण खालच्या दातांच्या मागे पिवळा दगड बसलेला, हिरड्यांतून रक्त, आणि हसताना तोंडावर हात. मी म्हटलं, “आप्पा, फुकट तपासताहेत, काय जातंय?”

“मना दात कसा सेत, माले माहीत से,” आप्पा म्हणाले. शेवटी माझ्या शब्दाखातर आले. त्यांना सतरा नंबरची बाटली मिळाली.

मग काय विचारता! ताईंनी अर्धं मिनिट गुळणी धरा म्हणून सांगितलेलं. आप्पांकडे घड्याळ नव्हतं, म्हणून ते साच्याचे ठोके मोजत. गाल फुगवून, डोळे मिटून, नळापाशी उभे. कोणी बोलायला गेलं तर हातानेच थांब म्हणत. पंधरा दिवसांत म्हणू लागले की ठणका गेला, भाकरी दोन्ही बाजूंनी चावता येते. तोंडावरचा हातही गेला. एक दिवस मला म्हणाले की बावीस वर्षांत त्यांच्या तोंडात कोणी डोकावून पाहिलं नव्हतं, या पोरीने बॅटरी लावून पाहिलं. मला त्या माणसाचा आनंद बघून बरं वाटायचं. त्याला आणणारा मीच ना!

दर सोमवारी तपासणी असे. ताई सकाळी सहाला यायच्या. आधी एक लाल गोळी चघळायला द्यायच्या. घाण जिथे असेल तिथे तो रंग धरतो, स्वच्छ दातावर टिकत नाही. आरशात बघून त्या किती दात रंगले ते लिहायच्या, मग बाटलीतली गुळणी, आणि त्यानंतर अर्धा तास पाणी तोंडाला लावायचं नाही. अर्धा तास झाला की सगळे नळावर खळखळून चुळा भरायचे आणि सातला साच्यावर जायचे. तीन सोमवार असे सुरळीत गेले.

चौथ्या सोमवारी ताईंची स्कूटर वाटेत पंक्चर झाली. त्या पावणेसातला धापा टाकत आल्या. गोळी, आरसा, वही, गुळणी, सगळं घाईघाईत. सातचा भोंगा झाला. अर्धा तास पाणी लावायचं नाही, हा ताईंचा हुकूम. सातला साचा चालू, हा शेठचा हुकूम. आमच्या लोकांनी दोन्ही पाळले. चौऱ्याण्णवच्या प्लेगपासून डॉक्टरने सांगितलेलं मोडायचं नाही, असं बमरोलीत सगळ्यांनी मनावर घेतलेलं आहे. साचे चालू झाले की दुपारच्या सुट्टीपर्यंत नळावर जाता येत नाही, म्हणून लाल तोंडांनीच चोवीस माणसं साच्यांवर गेली आणि पांढऱ्या नायलॉनची तार ओढू लागली.

दिवसभर मी त्या साच्यांमधून फिरलो. तोंडाने तार ओढतात हे मला ठाऊक, तोंड लाल आहे हेही ठाऊक. पण या दोन गोष्टी एकत्र ठेवून बघाव्यात, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्यासाठी कापड फाडून तोंडावर मारायला लागलं.

मारलं ते मगनभाई शेठनी, मंगळवारी. कापडाच्या प्रत्येक ताक्याच्या सुरुवातीला काठाशी चार-दोन गुलाबी डाग. बाकीच्यांचे तेवढ्यावर थांबले होते, तेवढं कापून काढता आलं. पण आप्पांच्या साच्यांवरचे डाग दुपारपर्यंत चालले होते. कांडी बदलली की डाग, कांडी बदलली की डाग, अगदी हिशेबात.

“मावा खाता है,” शेठ म्हणाले. त्यांना त्या डागांत तंबाखू-सुपारीची पिंक दिसत होती.

मी लाल गोळीचं सांगितलं. शेठ ऐकून घेणारे आहेत, त्यांनी ऐकलं. “गोळी चोवीस जणे खाई,” ते म्हणाले, “तो इसका ही कपडा क्यूं बिगडा?” मग शेठ आप्पांना म्हणाले, “बावीस साल से झूठ बोल रहा है मेरे को. कल से मत आना.”

“शेठ, मी सुपारीनं खांडबी खात नही,” आप्पा म्हणाले. काम जाण्यापेक्षा खोटारडा म्हटलेलं त्यांना जास्त लागलं, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. आणि मला तर कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

त्याच दुपारी आप्पांच्या साच्यावरचा डागाळलेला ताका काखेत मारून मी ताईंच्या कॉलेजात गेलो. त्यांनी कापड टेबलावर पसरलं, डाग मोजले, वही काढली, पुन्हा मोजले. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की मला तो ताका परत घ्यावासा वाटला.

“गजेंद्रभाऊ, रंग कोणाच्या तोंडात किती टिकतो तेच छापलंय की हे!”

“छापलंय खरं,” मी म्हटलं. “आणि त्यापायी आप्पांचं काम गेलं.”

ताई हळूहळू खुर्चीत बसल्या. त्यांना आता सगळंच कळलं. आप्पांच्या तोंडात रंग सगळ्यांपेक्षा जास्त टिकला, कारण दगडावरची घाणही सगळ्यांपेक्षा जास्त होती. महिनाभर इमानाने गुळण्या करूनही घाण होती, याचा अर्थ एकच, बाटलीत नुसतं पाणी. तो शेठला पटवायचा तर सतरा नंबरचं पाकीट उघडायला हवं. पाकीट उघडलं की सतरा नंबर अभ्यासातून बाद, आणि अभ्यासावर देखरेख करणारे त्यांचे सर विचारणार की कोणाच्या परवानगीने उघडलं.

“नियम आहे,” त्या म्हणाल्या. मग वही मिटून उठल्या. “चला.”

बुधवारी सकाळी शेठच्या केबिनमध्ये आम्ही चौघे होतो: शेठ, ताई, मी आणि घरून बोलावून आणलेले आप्पा. ताईंनी पाकीट शेठच्या हातात दिलं, ते बंद आहे हे दाखवलं आणि फोडायला लावलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: पाणी, हिरवा रंग, पेपरमिंट. ताईंनी सगळं समजावलं. शेठ धंद्यातला माणूस, त्यांना पटायला मिनिट लागलं नाही.

“एटले आ माणस साचो,” शेठ म्हणाले, म्हणजे हा माणूस खरा. मग आप्पांना, “जा भई, साचे चालू कर. सोमवार को मुंह धोके.” आणि ताईंना, “बेन, वो जो असली वाला है, दो-चार बाटली घर के लिए मिलेगा?”

माझा जीव भांड्यात पडला. आप्पा मात्र जागचे हलले नाहीत. ते चिठ्ठीकडे बघत होते. वाचता येत नव्हतं, तरी बघत होते.

“माले पानी दिन्हं?”

“आप्पा, मी सांगितलं होतं ना सुरुवातीला,” ताई म्हणाल्या.

“सांगं व्हतं,” आप्पांनी कबूल केलं. “मंग ठणका कसा थांबना?”

ताईंनी चिठ्ठी घडी घालून पाकिटात ठेवली. मी साच्याचा मास्तर, दातांचा नाही. आप्पा बाहेर गेले आणि त्यांचे आठही साचे चालू झाल्याचा आवाज आला. त्या दिवशी त्यांनी नळावर जाऊन गुळणी केली नाही. दुपारच्या डब्यातली भाकरी एकाच बाजूने, सावकाश चावत होते. मला भयंकर वाईट वाटलं. काम परत मिळवून दिलं आणि माणसाचा बरा झालेला दात पुन्हा दुखवून ठेवला.

संध्याकाळी ताई परत आल्या. नंबर नसलेली बाटली त्यांनी आप्पांपुढे धरली. “हे खरं औषध आहे, आप्पा. रोज दोनदा.”

आप्पांनी ती घेतली, हलवून उजेडात धरली. दिसायला ती पहिल्यासारखीच होती.

“हिलालनी बाटलीमा काय से?” त्यांनी विचारलं. हिलाल त्यांच्या शेजारच्या साच्यांवरचा, नऊ नंबर.

“माहीत नाही. त्याचं पाकीट बंद आहे.”

“मंग उघाडू नका,” आप्पा म्हणाले. “तो सांगस, त्याले आते रातले झोप लागस.”

ताईंनी मान हलवली आणि स्कूटरकडे गेल्या.

सातला पाळी सुटली. नळावर नेहमीची गर्दी. हिलाल आपली बाटली घेऊन आला. शेठच्या केबिनमध्ये पाकीट फोडलं, एवढं कारखानाभर पसरलं होतंच.

“आप्पा, चिठ्ठीमा काय निंघनं?”

मी पाना पुसत जवळच उभा होतो. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग हिलालकडे.

“औषध,” आप्पा म्हणाले.

“मंग मनामाबी औषधच व्हई,” हिलाल म्हणाला, आणि त्याने खुशीत गुळणी धरली. आप्पा त्याच्यासाठी ठोके मोजू लागले.