उशाकडच्या फळ्या

"क्लेम, या खोलीत काहीतरी मेलंय!" नाकावर ॲप्रन दाबून क्लेमची बायको डोरीन दारातच उभी राहिली.

क्लेम हॅरिगनने पलंगाखाली वाकून पाहिले. तेथे काहीही मृत नव्हते. वस्तुतः त्या खोलीत एकच वस्तू नवी होती. ती म्हणजे पलंगाच्या उशाशी त्याने स्वहस्ते उभारलेला लाकडी टेका. मेंढ्यांची लोकर कातरण्याची जी शेड गेल्या महिन्यात पाडली गेली, तिच्याच जमिनीच्या सहा फळ्या त्याने मागून आणल्या होत्या. त्याच फळ्यांवर अडतीस वर्षे कमरेत वाकून त्याने लोकर कातरली होती. लोकरीच्या तेलाने त्यांना अशी झळाळी चढली होती, की रंधा मारण्यास त्याचा हात धजावला नाही.

"मला तर वास येत नाही," तो म्हणाला.

"तुला कसा येईल?"

त्याने शेजारच्या ऑब्रीला बोलावून आणले. ऑब्रीही जन्मभर त्याच शेडमध्ये कातरणारा. त्याने फळीला नाक टेकवून दीर्घ श्वास घेतला.

"झकास आहे की! डोरीन, तुझं आपलं काहीतरीच."

"तुम्हा दोघांची नाकं त्या शेडमध्येच कुजली रे!" डोरीन कडाडली. "क्लेम, दर शनिवारी तू घरी यायचास आणि मी तुला मागच्या पडवीत निजवायची, ते का? मेंढीच्या मुताचा वास! कातरणं सुटल्यावर एका पलंगावर झोपू म्हणाले, तर तू ती शेडच माझ्या डोक्याशी आणून ठेवलीस? हे इथं राहणार असेल, तर मी चालले बहिणीकडे. कायमची."

ऑब्री टोपी उचलून निघून गेला.

दुपारी छताचा पत्रा तापला. क्लेम एकटाच त्या फळ्यांसमोर बसला होता. उष्म्याने लाकडाला जणू घाम फुटला. सांध्यांतून पिवळट, चिकट थेंब पाझरून डोरीनच्या पांढऱ्या उशीवर ओघळले. त्यांत लेंड्यांचा हिरवट चुरा होता, आणि दोन माश्या रुतून पाय झाडीत होत्या. वास त्याला अद्यापही आला नाही. परंतु ते पाहून तो मागे सरकला. हेच आपण अडतीस वर्षे अंगावर लेवून, वर भांग पाडून, ऐटीत घरी येत होतो! त्याला स्वतःची किळस आली.

त्याने स्क्रू काढले, फळ्या परसात नेऊन कुऱ्हाडीने फोडल्या आणि उशीसह कचऱ्याच्या पिंपात कोंबल्या. तदनंतर कातडी लाल होईपर्यंत त्याने हात घासले. ते स्वच्छ झाले की नाही, हे जाणण्याचा त्याच्यापाशी कोणताच मार्ग नव्हता.

डोरीन व्हिनेगरने भिंत पुसत होती. तो उंबऱ्याबाहेरच थांबला आणि त्याने दोन्ही तळवे पुढे केले.

"बघ गं. गेला का?"

तिने वाकून हुंगले. तिचे नाक आक्रसले.

"नाही."

त्याने हात मागे घेतले. तो वळणार, इतक्यात तिने धुतलेली चादर झटकली आणि तोंड बाजूला फिरवूनच तिचे एक टोक त्याच्याकडे फेकले.

"धर. ताणून धर."

त्याने ते टोक अगदी कडेला, दोन बोटांच्या चिमटीत धरले.