त्याच साच्यातली दुसरी नर्स

खेळण्यांच्या कारखान्यासाठी ती दर महिन्याला चित्रकथा लिहायची. यंत्रमानवांची पलटण, धडाधड मारामारी आणि शेवटी जिंकणं. मग एक दिवस कारखान्यात पलटणीतल्या नर्स-बाहुलीचा साचा तडकला. मालक म्हणाले, "तिला गोष्टीतून काढून टाका. गाजावाजा नको."

तिने गाजावाजा केला नाही, फक्त नर्सला मारलं. पुढच्या अंकात एकही गोळी सुटली नाही. कप्तान हजेरी घ्यायचा आणि सातव्या, नर्सच्या नंबराशी अडखळायचा.

आता खप बसणार, म्हणून मालकांनी डोक्याला हात लावला. झालं भलतंच. पत्रांचा ढीग पडला, मोठी माणसंही अंक वाचू लागली.

सहा महिन्यांनी साचा दुरुस्त झाला. "तिला परत आणा."

"मेलीये ती, साहेब."

"अहो, प्लॅस्टिकची बाहुली ती! बॅटरी बदलली म्हणा नि मोकळ्या व्हा."

आठवडाभर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. लिहायला बसायची, उठायची, खिडकी उघडायची, लावायची. चित्रकार दोनदा हात हलवत परत गेला. ती नऊ वर्षांची असताना तिची आई गेली होती. वर्षाच्या आत वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि सगळे म्हणाले, 'ही बघ तुझी आई.' जणू मधे काही घडलंच नव्हतं. तेच आता हिने हजारो मुलांना सांगायचं?

शेवटी तिने चित्रकाराला बोलावलं. "नर्स येऊ दे. पण तीच नाही, त्याच साच्यातली दुसरी. चेहरा तोच, पण तिला ओळख कुणाचीच नाही."

"मग पलटण काय करते?"

"राग धरते तिच्यावर."

नव्या अंकात मोडलेला हात घेऊन कुणी नर्सकडे जाईना. बँडेजचं खोकं मांडीवर घेऊन ती पानभर एकटीच बसून राहिली. मग कप्तान आला आणि तिला पलटणीतल्या एकेकाचं नाव सांगू लागला.

मालकांनी उभ्या उभ्या वाचलं. "मुलांसाठीच आहे ना हे?"

"पत्रं त्यांचीच येतात, साहेब."

कपाळाला आठ्या घालत त्यांनी सही केली.

छापलेला अंक घेऊन ती नव्या आईकडे गेली. स्वतःची चाळिशी उलटली तरी ती तिला नवी आईच म्हणायची. नवी आई चष्मा लावून सावकाश वाचत होती. हिला बसवेना. नर्स एकटी बसलेल्या पानावर नवी आई थांबली.

"मला तर कुणी काही सांगितलंच नाही. तुझा डबा कुठला, वेणी कशी घालायची, सगळं चुकत चुकत शिकले. तू नुसती बघत राहायचीस."

इतक्या वर्षांत हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने खुर्ची जवळ ओढली.

"सांग ना, अजून काय काय चुकलं होतं?"