माईकच्या आड

भाऊरावांनी बिल्ल्याची फीत गोविंदाच्या गळ्यात घातली आणि पाठीवर थाप मारली.

"आज बाहेर नाही बसायचं गोविंदराव. पहिली रांग. पाहुणे आहात तुम्ही."

गोविंदाने छातीवरचा बिल्ला पालथा करून पाहिला. हा एवढा पुठ्ठा नव्हता म्हणून दरवर्षी बुलडाण्याच्या या सभागृहाच्या दारातून त्याला माघारी फिरावं लागलं होतं. माती तपासणाऱ्यांचं संमेलन. सभासदांनाच प्रवेश. त्याची बायको सुचिता सभासद होती, प्रयोगशाळेत माती तपासायची. पण तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

"म्या फक्त तिच्यासमोर बसतो, हातानं सांगतो तिले. चहासुद्धा पेत नाही तुमचा," गोविंदा विनवायचा.

"नियम आहे," अध्यक्ष भाऊराव म्हणायचे.

मग सुचिता एकटी आत जायची, आणि देऊळघाटला वांगी-मिरच्या पिकवणारा तिचा नवरा संध्याकाळपर्यंत लिंबाखाली मोटरसायकलवर बसून राहायचा. खुणांची भाषा जाणणारा दुभाषी ठेवा, असा अर्ज ती दरसाल द्यायची. एका माणसासाठी एवढा खर्च परवडत नाही, असं उत्तर दरसाल यायचं. यंदा पोळ्याच्या आधी ती तापाने गेली.

आता व्यासपीठामागे फलकावर तिचा फोटो होता. 'कै. सुचिता यांच्या स्मरणार्थ, सर्वांना सामावून घेणारे संमेलन.' आणि फोटोखाली काळा कुर्ता घातलेली अर्पिता उभी होती. अकोल्याहून मुद्दाम बोलावलेली दुभाषी. माईकवरचा शब्द न् शब्द ती हातांनी सांगत होती. समोरचे लोक क्षणभर कौतुकाने बघत आणि मोबाइलमध्ये मान घालत.

एक वक्ता काहीतरी गमतीचं बोलला. सभागृह हसलं. गोविंदाने दुसऱ्या रांगेतल्या खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. सुचिता तिथे बसायची. तिथून बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड दिसतो, असं तिनेच सांगितलं होतं. लोक हसले की ती शेजाऱ्याच्या कोपराला हात लावायची. शेजारी म्हणायचा, "काही विशेष नाही. नंतर सांगतो." हे शब्द ती कुणाच्याही ओठांवरून ओळखायची. घरी येताना मोटरसायकल थांबवायला लावून ती गोविंदाला 'नंतर'ची खूण करून दाखवायची. हात पुढे, अजून पुढे, पार रस्त्यापलीकडच्या शेताच्या धुऱ्यापर्यंत. आणि हसायची. पहिल्या वर्षी हसली होती, तेवढं नंतर हसली नाही.

चहाच्या सुट्टीत अर्पिता त्याच्याजवळ आली.

"काका, तुम्ही माझे हात वाचत होता. एकटेच."

"हाव. बायकोनं शिकवलं."

"मला वाटलं, चार-पाच जण तरी असतील. कुठे बसलेत बाकीचे?"

"बाकीचे कोठचे, पोरी? एकच होती. ते वर टांगली आहे."

अर्पिताने वळून फलकाकडे पाहिलं. हातातला कप तिने न पिताच ठेवून दिला.

सुट्टीनंतर सत्कार झाला. शाल, श्रीफळ. फोटोवाल्याने दोनदा उभं केलं.

"सुचिताताईंचं स्वप्न आज आपण पूर्ण केलं," भाऊराव माईकमध्ये म्हणाले. "गोविंदराव, बोला दोन शब्द. मन मोकळं करा."

गोविंदाने माईक घेतला. बटण दाबून बंद केला आणि टेबलावर आडवा ठेवला. मग दोन्ही हात मोकळे केले आणि खिडकीजवळच्या त्या खुर्चीकडे तोंड करून उभा राहिला. खुर्चीवर कुणाची तरी पिशवी होती.

त्याचे हात चालू लागले. कोपऱ्यातून अर्पिता मोठ्याने म्हणाली, "ते म्हणताहेत..."

गोविंदाने तिच्याकडे पाहून मान हलवली. ती गप्प झाली.

त्याने मूठ तोंडासमोर धरली. भाऊरावांना सुचिताने ठेवलेलं हे नाव. ते माईक असा तोंडावर धरायचे की त्यांचा एक शब्द तिला कधी दिसला नाही. अर्पिताने ओठ दाबून धरले. पुढे त्याने सांगितलं: मुठीवाल्यांनी बाई आणली आहे. हात चांगले आहेत तिचे. आता विचार तुझा प्रश्न.

आणि मग त्याने तो प्रश्न विचारला. गेल्या वर्षी सुचिता घरून तयार करून आली होती आणि तसाच परत घेऊन गेली होती. आपल्या जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणीच खारट. मग मातीचा अहवाल देताना पाणी का तपासत नाही? त्या पाण्याने माती बिघडते, हे अहवालावर भरवसा ठेवून पेरणाऱ्याला कोण सांगणार?

त्याने सावकाश विचारला. एकही खूण गाळली नाही.

सभागृहात चुळबुळ सुरू झाली. मागच्या रांगेतल्या एका बाईने शेजारणीच्या कोपराला हात लावला. शेजारणीने खांदे उडवले. गोविंदाने हात खाली घेतले, तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

भाऊरावांनी रुमालाने डोळे टिपले. अर्पिताकडे पाहिलं, ती जमिनीकडे बघत होती. मग ते गोविंदाच्या कानाशी वाकले.

"फार भावुक केलं हो तुम्ही. पण काय बोलले, ते नाही समजलं आम्हाले."

गोविंदाने शालीची घडी घातली, ती माईकवर ठेवली आणि गळ्यातला बिल्ला काढला.

"काही विशेष नाही साहेब," तो म्हणाला. "नंतर सांगतो."