दोघांचं काम

झाडाचा घेर मोजायला माणसं दोन लागतात, असं बागखात्याच्या कागदावर छापलेलं होतं. एकाने टेपचं टोक खोडावर दाबून धरायचं, दुसऱ्याने टेप घेऊन झाडाला वळसा घालायचा आणि आकडा वाचायचा. त्या छापील ओळीचे माझ्यावर फार उपकार आहेत, म्हणून ती सगळ्यात आधी सांगितली.

मी शिंपी. चाळीस वर्षं लोकांच्या पँटी शिवल्या. सुईत दोरा जाईना झाला तेव्हा दुकानाचं शटर ओढलं, आणि पुढच्याच वर्षी बायको गेली. मुलगा लांब असतो. फोनवर तो तीन प्रश्न विचारतो: जेवलात का, गोळी घेतलीत का, बाकी काय. बाकी काही नसायचंच. कधीकधी दिवे लावताना लक्षात यायचं की आज सकाळपासून आपण तोंडच उघडलेलं नाही. एकदा एका बाईने चुकून माझा नंबर फिरवला, तर मी तिला पाच मिनिटं सोडली नाही. शेवटी तीच बिचारी ‘काळजी घ्या हं’ म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आमच्या बिल्डिंगच्या फलकावर कागद लागला, ‘आपल्या रस्त्यावरची झाडं सांभाळायला स्वयंसेवक हवेत, दर रविवारी सकाळी’, तेव्हा मी गेलो. झाडांचा कळवळा वगैरे काही नव्हता, खोटं कशाला बोलू? रविवारी घर खायला उठायचं, म्हणून गेलो.

शाळेच्या हॉलमध्ये पहिल्या सभेला तेवीस जण होते. बागखात्याच्या मॅडम, म्हणजे वयाने माझ्या सुनेएवढीच पोरगी, तिने जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीला एक रस्ता दिला. माझ्या वाट्याला कंडक्टर आला. बसवर तीस वर्षं तिकिटं फाडून निवृत्त झालेला, पेन्सिल अजूनही कानावर. पहिल्याच झाडापाशी त्याने टेपचं टोक धरलं आणि ओरडला, “चला, पुढे सरका, आत जागा आहे!”

“आत कुठे?” मी म्हटलं. “झाडात?”

“अहो, तुम्ही सरकाल तर आकडा कळेल ना!”

महिन्याभरात आमचं अहो-जाहो संपलं. माणूस चांगला, पण तोंडाचा पट्टा एकदा सुटला की थांबायचं नाव नाही. आमच्या रस्त्यावर चौसष्ट झाडं, दर रविवारी सोळा करायची. आळ्यातला कचरा उचलायचा, माती मोकळी करायची, खोडात कुणी ठोकलेले खिळे उपटायचे, तार नाहीतर दोरी बांधली असेल तर कापायची, आणि घेर मोजून तक्त्यात लिहायचा. आठला सुरू केलं तर दहापर्यंत व्हावं एवढंच काम. आम्हाला बारा वाजायचे. कारण प्रत्येक झाडापाशी कंडक्टरला कुठला तरी प्रवासी आठवायचा. बकरी घेऊन चढलेला, दुसऱ्याचीच छत्री घेऊन उतरलेला, तिकीट गिळून टाकलेला. मी खेकसायचो, “अरे, मोजायचं की मरेपर्यंत इथेच उभं राहायचं?” पण मनातून वाटायचं, अजून एखादा प्रवासी चढू दे याच्या बसमध्ये.

शनिवारी रात्री मी कपडे काढून ठेवायचो. बूट पुसायचो. माती उकरायला जाणारा माणूस बूट पुसतो, हे कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं. पाहायला होतं कोण?

थंडीच्या दिवसांतली गोष्ट. एका रविवारी आठ वाजून गेले तरी कंडक्टरचा पत्ता नाही. मी पदपथावर येरझारा घातल्या. मग हात शिवशिवायला लागले. कॉलरच्या आतल्या बाजूला एक-दोन टाचण्या टोचून ठेवायची माझी जुनी सवय दुकान गेलं तरी गेलेली नाही. त्यातली एक काढली, टेपचं टोक सालीवर ठेवून टाचणीने पक्कं केलं आणि झाडाला वळसा घातला. आकडा बरोबर आला. पुढच्या झाडालाही तसंच. दहा मिनिटांत चार झाडं झाली.

चौथ्या झाडापाशी नको तेच माझ्या ध्यानात आलं. हे दोघांचं काम नव्हतंच. एक माणूस आणि एक टाचणी, झालं. वर गंमत अशी, की ज्या झाडातले खिळे आम्ही महिनोन्‌महिने उपटत होतो, त्याच झाडाला मी टाचणी टोचून उभा होतो.

तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला कंडक्टर दिसला, धापा टाकत येणारा. मी झटकन टाचणी ओढून कॉलरमध्ये खोचली, तक्त्यावरचे चारही आकडे खोडले आणि पहिल्या झाडापाशी जाऊन उभा राहिलो.

“अर्धा तास खांबासारखा उभा आहे मी इथे,” मी म्हटलं.

“चुकलं बाबा. निघता निघेना आज.” त्याने टेपचं टोक धरलं. “चला, पुढे सरका.”

ती चारही झाडं आम्ही पुन्हा मोजली. पाऊण तास लागला. इतका सुखाचा पाऊण तास मला त्या वर्षात दुसरा आठवत नाही.

पुढच्या पंधरवड्यात मॅडम आमच्या रस्त्यावर आल्या. हातात नकाशा, चेहरा उतरलेला. तेविसांचे आता नऊ उरले होते. कुणाचे गुडघे, कुणाचा लांबचा प्रवास, कुणाचा उत्साह. नेहमीचंच.

“काका, मागच्या गल्लीला कुणीच नाही हो,” त्या म्हणाल्या. “तीस झाडं आहेत, चार महिने कुणी फिरकलेलं नाही. तुम्ही दोघं अनुभवी. एकेकट्याला जमलं असतं, तर एकाने ही बाजू आणि एकाने ती, असं करता आलं असतं. जमेल का?”

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मोजणीचा शहाणा मी, उत्तर मीच द्यायचं होतं. टाचणी माझ्या मानेपासून दोन बोटांवर होती.

“छे,” मी म्हटलं. “अहो मॅडम, एकट्याला कापडाचा ताकासुद्धा नीट धरता येत नाही. हे तर झाड. टोक धरायला माणूस पाहिजेच.”

“मी नसलो तर याचं काही खरं नाही,” कंडक्टर म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर थाप मारली.

मॅडमनी मान हलवली, नकाशावर मागच्या गल्लीपुढे फुली मारली आणि त्या गेल्या. माझा जीव भांड्यात पडला. त्या थापेची ऊब मला दिवसभर पुरली, हेही सांगून टाकतो. लाज वाटते, पण खरं आहे.

तीन महिने असेच गेले. मग एका मंगळवारी दुपारी जरा वारा सुटला. वादळ म्हणावं असा नव्हे, वाळत घातलेले कपडे उडतील इतपत. कडकड असा आवाज आला आणि माणसं मागच्या गल्लीकडे धावली. मीही गेलो.

बेकरीसमोरचं झाड कमरेतून मोडून रस्त्यावर आडवं झालं होतं. नशिबाने खाली कुणी नव्हतं, बेकरीच्या पायरीचा एक कोपरा फुटला तेवढाच. दोन मजल्यांएवढं भरदार झाड, पानं अजून ताठ. ते मोडलं कुठे, हे मी वाकून पाहिलं. खोडाच्या आत एक गंजलेली तार होती, चारी बाजूंनी. साल तिच्यावरून वाढत गेली होती आणि तार आत आत रुतत गेली होती. तारेच्या वर खोड सुजलेलं, खाली बारीक.

“मीच बांधली होती हो,” बेकरीवाला शेजारी येऊन म्हणाला. “पाटी अडकवायला. सात-आठ वर्षं झाली. पाटी बदलली, तार राहिली. लक्षातच नाही.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “कुणी टोकलं असतं तर काढली असती, दोन मिनिटांचं काम.”

वाढत्या मुलाची पँट शिवताना कमरेला माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडावी लागते, हे मी चाळीस वर्षं आयांना सांगत आलो. वाढणाऱ्या अंगाला आवळून बांधलं तर काय होतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. हिवाळ्यात मी या गल्लीत आलो असतो, तर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी ती तार मला दिसली असती. पक्कड माझ्या पिशवीतच असते. झाड वाचलं असतंच, असं छातीठोक सांगत नाही. पण माझ्या रविवारसाठी मी त्याच्यापुढे फुली मारायला लावली होती.

पालिकेची माणसं आली, करवत लावली, संध्याकाळपर्यंत जागा मोकळी झाली. मी शेवटपर्यंत थांबलो. कुणी मला काही विचारलं नाही.

रविवारी कंडक्टर वेळेवर आला. त्याने टेपसाठी हात पुढे केला, मी दिली नाही. कॉलरमधली टाचणी काढली, टोक खोडावर टोचलं, वळसा घातला आणि आकडा वाचला.

“एकशे बारा.”

त्याने आकडा लिहिला नाही. आधी टाचणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“कधीपासून?”

“तू उशिरा आला होतास ना एकदा, थंडीत. तेव्हापासून.”

तो आळ्याच्या कडेवर बसला. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मुलगी रविवारीच येते माझी,” तो म्हणाला. “आठवड्यात तिला तेवढीच सुट्टी. नातीला घेऊन आठला येते, बाराला निघते. मी घरी पोचतो तेव्हा पोरीच्या पायात बूट चढलेले असतात. मी जिना चढतो आणि त्या दोघी उतरतात.” त्याने कानावरची पेन्सिल काढून हातात फिरवली. “त्या दिवशी उशीर झाला ना, तो त्यामुळेच. पोरगी पायाला मिठी मारून बसली होती. सोडेचना.”

मला वाटत आलं होतं, हाही माझ्यासारखाच. एवढं बोलतो तो घरी ऐकायला कुणी नाही म्हणून. इतक्या रविवारांत मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं, तुझ्या घरी कोण कोण असतं. त्याच्या बसमधली बकरीसुद्धा मला माहीत होती.

“मग यायचास कशाला?” मी विचारलं.

“तुला एकट्याला जमत नव्हतं म्हणून. तूच सांगितलंस ना मॅडमना, माझ्यासमोर? म्हटलं, याचं माझ्यावाचून अडतंय. टाकून कसं जायचं?”

“सांगितलं असतं तर तू आला नसतास.”

“रविवारी नसतो आलो,” तो म्हणाला. “बाकीचे सहा दिवस मी काय करतो, रे? खिडकीत बसून बसचे नंबर वाचतो. कुठल्याही वारी आलो असतो, चहा पीत बसलो असतो. हाक मारायची होतीस.”

मी टेप गुंडाळत राहिलो. त्याने माझ्या कॉलरमधली दुसरी टाचणी स्वतःच काढून घेतली आणि म्हणाला, “मागची गल्ली मी करतो. मॅडमना कळवून टाक.” घड्याळात साडेआठ झाले होते. तो घराकडे भरभर चालत गेला, जवळजवळ पळतच.

मॅडमना मी सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही. त्या रागावल्या नाहीत. “बरं झालं सांगितलंत काका,” म्हणाल्या आणि नकाशावरची फुली खोडून त्यांनी तिथे कंडक्टरचं नाव लिहिलं. आता बाकीच्यांनाही टाचण्या वाटणार आहेत म्हणे.

पुढच्या रविवारी सोळा झाडं मी एकट्याने केली. दहालाच संपलं. पिशवी उचलून घरी आलो, हात धुतले, घड्याळ पाहिलं, आणि बारा वाजेपर्यंत खुर्चीत बसून राहिलो.

कंडक्टर मागची गल्ली गुरुवारी करतो, हे बेकरीवाल्याकडून कळलं. या गुरुवारी मी मुद्दाम तिकडून गेलो. जाताना दूध घेतलं, नेहमीपेक्षा जास्तच. काय म्हणायचं ते रस्ताभर घोकत होतो. काम झालं की घरी ये, चहा टाकतो. एवढंच. लहान पोरालाही जमेल असं वाक्य.

तो गल्लीच्या मध्यावर होता. टाचणी टोचून, जीभ दातांत धरून, झाडाभोवती फिरत होता. आकडा वाचून त्याने तो मोठ्याने म्हटला आणि पेन्सिलीने लिहिला. मग मी दिसलो. त्याने हात वर केला, ओळखीचं हसला.

मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “टोक धरायला येऊ का?”

“नको रे,” तो म्हणाला. नुकतीच सायकल यायला लागलेल्या माणसासारखा त्याचा चेहरा फुलला होता. “जमतंय मला एकट्याला. झकास जमतंय.”

“बरं,” मी म्हटलं.

तो क्षणभर थांबला, मी आणखी काही बोलेन म्हणून. मग पुढच्या झाडाकडे वळला. मी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि घरी आलो.